पाईकराव नानांची विमानखरेदी

पाईकराव नाना आधी समोरच्याच्या हातातली पिशवी घेऊन वजनाचा अंदाज घ्यायचे आणि मग त्याचा नमस्कार. "साडेतीन किलो. साखर हाय, अन् काहीतरी ओलं हाय," असं म्हणून पिशवी परत द्यायचे. पाहुणा ओशाळायचा. नानांना त्यात काही वावगं वाटत नसे. हिंगोलीच्या जकात नाक्यावर त्यांनी तीस वर्षं कारकुनी केली होती. ते निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत सरकारनं जकातच बंद केली. "आमच्यामागं कोणी सांभाळली न्हाई," एवढंच ते म्हणाले.

ते आमच्या शेजारी एकटेच राहत. पत्नी वारलेली. एकुलती एक मुलगी सुजाता आखातात नर्स होती आणि तिथल्याच एका केरळी सहकाऱ्याशी तिनं लग्न केलं होतं. नानांकडे फोन नव्हता, म्हणून दर शुक्रवारी संध्याकाळी ती आमच्या घरी फोन करायची. नाना इस्त्रीचा सदरा घालून अर्धा तास आधी येऊन बसत.

आता माझं सांगतो. एका शुक्रवारी फोन लवकर आला. लेक सुट्टीवर येणार म्हणून नानांनी त्याच आठवड्यात घर रंगवून घेतलं होतं. सुजाता म्हणाली, "काका, यंदा आम्ही ह्यांच्या घरी चाललोय, केरळला. बाबांना तुम्हीच सांगा. मला सांगवत नाही." मी फोन ठेवतोय तोच नाना दारात. टेबलावर वर्तमानपत्र पडलं होतं. त्यात बातमी होती, विमान कंपनीकडे विमानं अपुरी, नवी खरेदी विचाराधीन. मी म्हणालो, "नाना, सुजाताला तिकीटच मिळालं नाही. विमानं कमी पडताहेत म्हणे."

नानांनी बातमी दोनदा वाचली. अमेरिका आणि युरोप एकमेकांच्या मालावर कर वाढवायच्या गोष्टी करत होते, त्यामुळे विमानं कुणाकडून घ्यावीत, घ्यावीत की थांबावं, हे कंपनीला ठरवता येत नव्हतं.

"म्हंजी जकातीवर अडलंय," नाना म्हणाले. "मंग सोपं हाय."

त्या दिवसापासून ते विमान कंपनीला पोस्टकार्डं पाठवू लागले. ते सांगायचे आणि मी शाळेतला गुरुजी, म्हणून लिहायचो मी. पहिल्या कार्डात विचारणा होती की विमान स्वतःच्या चाकांवर येतं की दुसऱ्या गाडीवर लादून? स्वतः येत असेल तर ते वाहन, माल नव्हे, सबब कर लागू नये. दुसऱ्यात लिहिलं, कर वजनावर असल्यास विमान खुर्च्या वगळून मागवावं. बाकडी इथं करून मिळतील, सुतार ओळखीचा आहे. पुढे एकदा, दर वाढायच्या आदल्या दिवशी माल नाक्याच्या आत घ्यावा, आमचे सगळे व्यापारी तेच करत, असंही कळवलं.

उत्तर कधी आलं नाही. "वाचून राहिले असतील," नाना म्हणत.

चहाच्या हॉटेलात त्यांना रोज कुणीतरी छेडायचं.

"काय नाना, घेतली का विमानं?"

"इचार करून राहिले."

"तुमीच घेऊन टाका एखादं."

"ठिवू कुठं? रामलीला मैदान दसऱ्याला लागतं."

नाना हसत नसत. त्यामुळे विचारणाराच चहा मागवून मोकळा होई.

मी मारलेली थाप सुजाताला सांगितली होती. ती म्हणाली, "बरं केलंत, काका." पुढच्या वर्षी तिनंच नानांना सांगितलं, "बाबा, तिकीट नाही मिळालं." त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. न येण्याची वाट तिला मी करून दिली होती, आणि नाना मात्र कार्डं लिहवून घेत होते.

मग एका शुक्रवारी बातमी आली. खरेदी ठरली. मी वर्तमानपत्र गादीखाली सारलं. संध्याकाळी नाना हॉटेलातलं मागून घेऊन आले.

"गुरुजी, घेतली बरं का विमानं."

"नाना, मला तुम्हाला काही सांगायचंय. गेली तीन वर्षं…"

"आधी पोरीचा फोन होऊ द्या."

फोन वाजला. एरवी मी उचलून त्यांच्या हातात द्यायचो. त्या दिवशी त्यांनीच उचलला.

"आईकलं का बाई, विमानं घेतली. न्हाई, न्हाई, तू घाबरू नको. ऑर्डर दिली म्हंजी उद्या येतेत असं न्हाई. आधी बनवतेत. मंग तिकडची जकात, इकडची जकात. तीन-चार वर्सं कुठं गेली न्हाईत. तवर काही तिकीट मिळायचं न्हाई. तू काहून तकलीफ घेतीस? व्हय. व्हय. जेवून राहिलो बराबर."

फोन ठेवून त्यांनी सदऱ्याची बाही सारखी केली.

"जून लागला की केरळात लई पाऊस असतो म्हणतेत," ते म्हणाले. "छत्री घेऊन जा म्हणायचं राहिलं."

ती सुट्टीत केरळला जाते, हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. मी फोनकडे हात नेला. "लावू का परत?"

"नको," नाना म्हणाले. "मंग तिला समजंल."