माधव दाराशी थांबलाय

आमच्या शेजारचे नाना रोज सकाळी कुंपणाशी येऊन मला माधवची खबर देतात. "आज माधव गप्प आहे." "काल जरा बोललो त्याला, तोंड पाडून बसलाय." थळला राहायला आलो तेव्हा पहिले दोन महिने मी या माधवला नानांचा नातू समजत होतो. एकदा त्याला खोकला झाल्याचं कळलं, म्हणून मी मोठ्या शेजारधर्मानं ज्येष्ठमध नेऊन दिलं. नानांनी पुडी गंभीरपणे ठेवून घेतली आणि म्हणाले, "सातव्या प्रकरणात वापरतो."

माधव हा नानांच्या कादंबरीचा नायक. वय सतरा.

नाना सत्तरीचे. सुपारीची वाडी, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. जेवण एकवेळचं, चहा चारवेळचा. कादंबरी शंभर पानी वह्यांमध्ये चालते. निवेदन निळ्या शाईत आणि माधवचं बोलणं पेन्सिलीत. का, तर तो हळू बोलतो. "पोर बुजरं आहे हो," हे नानांचं पालुपद. वाण्यानं उशीर का झाला विचारलं तरी तेच उत्तर. वाणी बिचारा अजून त्या पोरासाठी एक गोळी जादा देतो.

ही कादंबरी अकराव्या प्रकरणात सहा वर्षं अडकली आहे. माधव वाडीतल्या सोवळ्या घरातला. कोळीवाड्यावरून जाताना नाकाला रुमाल लावणारा. वर्गातला एक कोळ्याचा मुलगा त्याचा मित्र होतो आणि त्याला घरी चहाला बोलावतो. माधव त्या घराच्या दाराशी येऊन थांबतो. तो थांबलेलाच आहे.

"ढकला ना आत," मी म्हणायचो. मी आयुष्यात चार ओळी लिहिल्या त्या रजेच्या अर्जात, पण सल्ला द्यायला काय लागतं?

"ढकलून कसं चालेल? लाज वाटते म्हणून थांबलाय की किळस येते म्हणून, हे त्याचं त्यालाच कळलेलं नाही. कळलं की जाईल."

एके दिवशी नानांनी ते प्रकरण मला वाचून दाखवलं. छान चाललं होतं. मग आलं, 'अंगणात दोरीवर चिमटे लावून बोंबील वाळत घातले होते.' मला हसू आवरेना.

"नाना, बोंबील म्हणजे काय बनियन आहेत?"

"मग कसे घालतात?"

मी आठ वर्षं सुकी मासळी विकत घेत होतो, त्यामुळे अर्थातच तज्ज्ञ होतो. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, हे मी हातांनी करून दाखवलं. मग विचारलं, "तुम्ही कोळीवाड्यात गेलाच नाहीत कधी?"

"रस्त्यावरून पाहिलाय," नाना म्हणाले. जन्म थळचा. कोळीवाडा दहा मिनिटांवर.

झालं. साहित्याची सेवा करण्याची संधी मी सोडतो होय? दुसऱ्याच दिवशी नानांना घेऊन निघालो. वाटेत त्यांनी विचारलं, "कुणाकडे जायचंय?"

"हिराबाईंकडे. माझ्या नेहमीच्या."

"पांडूच्या?"

"त्यांचे यजमान. गेले ते तीन वर्षांपूर्वी. तुमच्या ओळखीचे?"

"ऐकून आहे," नाना म्हणाले, आणि पुढं वाटभर माधवबद्दलसुद्धा बोलले नाहीत. मी अर्थातच बोलत होतो, त्यामुळे मला काही कळलं नाही.

हिराबाई अंगणात बोंबील टाकत होत्या. मी मोठ्या थाटात ओळख करून दिली. "हे नाना. यांच्या घरात तुमच्याकडचं पाणीसुद्धा चालायचं नाही. आज मी त्यांना इथं आणलंय बघा."

हिराबाईंनी मान वर न करता विचारलं, "मंग आता काय ववाळू त्यांना?"

मी पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरली. नाना मात्र पुढं झाले आणि त्यांनी टोपलीतला एक बोंबील उचलला. हातातून सटकला. दुसरा उचलला. हिराबाईंनी त्यांची बोटं धरून जबडा कसा उघडायचा ते दाखवलं. पाचव्या खेपेला जोडी दोरीवर टिकली.

"जमलं की वो. आता चा घ्या. या आत."

त्या घरात गेल्या. नानांनी एक चप्पल काढली आणि उंबऱ्याशी उभे राहिले. एक पाय मोकळा, एक चपलेत. सहा वर्षं 'ढकला' म्हणणारा मी मागं उभा होतो, आणि मला तेव्हा कुठं कळलं की मी कुणाला ढकलायला सांगत होतो.

"या ना वो, भायेर काय उभं ऱ्हायलाव?"

नाना आत गेले. भिंतीवर पांडूचा फोटो होता, पांढऱ्या मिशा, गळ्यात चेन. नाना त्यात काहीतरी शोधत राहिले.

"आम्ही शाळेत एका बाकावर होतो," ते म्हणाले. "माझं नाव कधी निघालं का घरात?"

हिराबाईंनी खरोखर आठवून पाहिलं. "न्हाय वो. कदी आईकलं न्हाय."

नानांचा चेहरा बघवेना. चार शिव्या ऐकायची तयारी करून आलेल्या माणसाला असं उत्तर मिळालं होतं.

हिराबाईंनी कप त्यांच्या हातात दिला आणि समोर बसल्या. "पन मी आलं तवा ते चोवीस वर्साचं होतं. शालंतलं मला कुनी सांगलाच न्हाय. तुमी सांगा ना. कसं होतं?"

वहीशिवाय नानांना सलग चार वाक्यं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी चहाचा एक घोट घेतला. "हुशार होता. गणितं मला दाखवायचा. एकदा नारळी पौर्णिमेला त्यानं मला घरी बोलावलं. आईनं मुद्दाम नवा कप आणलाय म्हणाला."

"मंग?"

"मी दारापर्यंत आलो," नाना म्हणाले. "आणि परत गेलो. त्यानंतर आम्ही कधी बोललो नाही."

हिराबाईंनी फोटोकडे पाहिलं.

"मंग वाट बगत बसलं आसंल ते," त्या म्हणाल्या.

"हो," नाना म्हणाले. "मला खिडकीतून आत बसलेला दिसत होता."