बंटीची बैठक

मालिनीबाईंच्या शोकेसमध्ये टायगरचा रंगीत फोटो लागला आणि समोरच्या ब्लॉकमध्ये सुनेत्राबाईंची आमटी खारट झाली. टायगर म्हणजे मालिनीबाईंचा काळा कुत्रा. मागे लाल मखमल, खाली गालिचा आणि मधोमध तो, कारखान्याच्या मालकासारखा. येता-जाता सुनेत्राबाईंची नजर समोरच्या उघड्या दारातून थेट त्या फोटोवर जाई. मध्ये कुठे थांबत नसे.

"रस्त्यावरचं कुत्रं ते! आमचा बंटी असली पॉमेरेनियन. अहो, रविवारी कॅम्प चारच्या बाजारात जायचं. टायगरचा फोटो काढला त्याच स्टुडिओत. फोटो मात्र तिच्याहून मोठा."

"बरं," विष्णुपंत म्हणाले. सुनेत्राबाई ऑफिसात असत तेव्हा बंटीला सांभाळायचं काम त्यांचं. कारखान्यातली पहिली पाळी करून आल्यावर ते झोपत, त्यालाच सांभाळणं म्हणत.

स्टुडिओत फोटोग्राफर टेकचंदने मागचे पडदे दाखवले. सुनेत्राबाईंनी बर्फाचं काश्मीर निवडलं.

"भाभीजी, पांढरा कुत्ता, पांढरा बर्फ. फोटोत फक्त नाक येईल."

मग बाग लावली. बंटीने ती नीट हुंगली आणि रंगवलेल्या झाडापाशी पाय वर केला.

"अरे, अरे! हे झाड शादीवाल्यांचं आहे!" टेकचंद धावला.

शेवटी निळा पडदा ठरला. प्रश्न राहिला खाली काय.

"गालिचा नको. तो तिचा झाला," सुनेत्राबाईंनी बजावलं.

टेकचंदने चकाचक काळा सनमायका टाकला. "खाली पण कुत्ता दिसेल. एकाच फोटोत दोन!" बंटीचे चार पाय चार दिशांना गेले. प्लास्टिकचं गवत आणलं, तर तो ते खायला लागला.

"साब, दुपारी घरी हा बसतो कशावर?"

"पायपुसण्यावर," विष्णुपंतांच्या तोंडून निघून गेलं.

"मग जा ना, घेऊन या!" सुनेत्राबाई कडाडल्या.

विष्णुपंत काहीतरी बोलणार होते. ते विचार बदलून रिक्षात बसले. अंबरनाथच्या घरून पिशवीतून पायपुसणं आलं, हिरवं-जांभळं, कापडाच्या वेण्या घालून शिवलेलं. बंटी टुणकन त्यावर चढला, छाती काढून बसला आणि टेकचंदकडे बघत राहिला.

फोटो झकास आला. फ्रेम टायगरच्या दीडपट. सुनेत्राबाईंनी मालिनीबाईंना मुद्दाम चहाला बोलावलं.

मालिनीबाई फोटोपुढे उभ्या राहिल्या. कप हातातच राहिला. सुनेत्राबाईंना तो क्षण फार आवडला.

"अगंबाई!" मालिनीबाई म्हणाल्या. "ही तर माझ्या डोहाळजेवणाची साडी! फाटली म्हणून पायपुसणं केलं होतं. आठ दिवस शोधतेय!"

"अहो...?" सुनेत्राबाई वळल्या.

विष्णुपंत बशीत चहा ओतत होते. "तो त्यांच्याकडेच बसतो गं. तू ऑफिसला गेलीस की."

"रोज!" मालिनीबाई कौतुकाने म्हणाल्या. "टायगरबरोबर जेवतो, आमच्या दारात झोपतो. सुनेत्राताई, पायपुसणं राहू दे तुम्हाला. मला फक्त या फोटोची एक कॉपी द्या."

नाही कसं म्हणणार? मालिनीबाईंच्या शोकेसमध्ये आता दोन फोटो आहेत.