नऊ वेळा वन्स मोअर

"काय हो कल्लप्पा मास्तर, थट्टा कळत नाही का तुम्हाला?"

एवढाच प्रश्न विचारायचा होता. एवढाच! मायाक्का आणि शमीम या दोन मैत्रिणींनी दाक्षायणीशी पैज लावली होती. बँडच्या दुकानात जाऊन मास्तरच्या तोंडावर हे विचारून दाखव. विचारलंस तर महिनाभर तुझ्या भूगोलाच्या वह्या आम्ही लिहू. नाही विचारलंस तर आमच्या दोघींच्या तू.

"कोऱ्या वह्या आत्ताच आणून देऊ का?" दाक्षी म्हणाली. "अगं, वक्तृत्वाची ढाल आणलेली पोरगी आहे मी! बँडवाल्याला भिणार?"

ढाल मिळाल्यापासून तिचा आवाज दोन पट्ट्या वर चढला होता हे खरं. जेवताना मीठ मागायची तेसुद्धा 'अध्यक्ष महाशय'च्या थाटात. गिरणीचा भोंगा एखाद्या दिवशी बिघडला तर हिलाच धुराड्यावर चढवावं, असं मायाक्का म्हणायची. दाक्षीला तो मान वाटायचा.

आणि सगळा घोटाळा त्या आवाजानंच केला होता.

झालं असं, की शनिवारी शाळेमागच्या पटांगणात मुंबईचा 'चांदतारा ऑर्केस्ट्रा' आला होता. भिंतीभिंतीवर पत्रकं. पत्रकावर बेलबॉटमवाला एक केसाळ माणूस, आणि त्याच्या गळ्यात लालभडक, विजेवर वाजणारी गिटार! सोलापुरात अशी गिटार कुणी पाहिली नव्हती. दाक्षी दोन महिने त्या गिटारसाठी झुरत होती. पण तिच्या अप्पांचं, म्हणजे तुरीचे व्यापारी संगप्पांचं, मत ठाम होतं. "ऑर्केस्ट्राला चांगल्या घरची माणसं जात नाहीत!" तेव्हा दाक्षी शमीमकडे भूमिती सोडवायला गेली. म्हणजे पटांगणात. बायकांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत.

आणि पडदा वर गेला तर समोर कोण? मास्तर कल्लप्पा ब्रास बँड! लाल कोट, पितळी बटणं, अकरा माणसं. मुंबईची मंडळी तयार होईपर्यंत अर्धा तास आपल्या गावचा बँड, असं आयोजकांनी ठरवलेलं. हे म्हणजे पुरणपोळीच्या पंगतीत आधी वाटीभर सुंठेचा काढा! मास्तरनं क्लॅरिनेट तोंडाला लावली आणि नवरदेव घोड्यावरून उतरताना वाजवतात ती चाल सुरू झाली. ढोल एकीकडे, ताशा दुसरीकडे, क्लॅरिनेट दोघांना शोधत तिसरीकडे. चाल संपली. टाळी एक नाही. शांतता.

अशा शांततेत ढालवाल्या पोरीनं गप्प बसावं कसं? शेजारी बसलेल्या मायाक्का-शमीमला हसवावं म्हणून, पुढच्या बाईच्या अंबाड्याआड तोंड लपवून ती खणखणीत ओरडली, "वन्स मोअर!"

झालं! पुरुषांच्या बाजूच्या टवाळ पोरांनी उचललं. "वन्स मोअर! वन्स मोअर!" शिट्ट्या काय, पिपाण्या काय! आता थट्टा आहे हे गाढवालाही कळलं असतं. पण मास्तरला नाही कळलं! त्यानं छातीवर हात ठेवून मान लववली आणि तीच चाल पहिल्यापासून वाजवली. पोरं अजून चेकाळली. मास्तर अजून खुलला. एकदा नाही, दोनदा नाही, नऊ वेळा! नऊ वेळा तो नवरदेव घोड्यावरून उतरला आणि परत चढला!

पण मुंबईच्या मंडळींना संध्याकाळच्या गाडीनं गुलबर्ग्याला जायचं होतं. त्यांची दोन गाणी झाली. मग तो केसाळ माणूस पुढे आला. दाक्षीनं श्वास रोखला. त्यानं वायर जोडली. तारेवर बोट मारलं. "ट्यँऽऽव!" आणि मागून मॅनेजर ओरडला, "गाडी चुकेल!" गिटार पेटीत, पेटी टांग्यात, टांगा स्टेशनवर.

दोन महिन्यांचा जीव आणि एक ट्यँव!

सोमवारी नववी ब मध्ये दुसरा विषय नव्हता. "गाणारीचा आवाज बरा होता, पण साडी किती चमकत होती!" "बोंगोवाला झकास!" "काय झकास? दोन गाण्यांत काय कळलं तुला?" "तो बँड कुणी बसवला होता गं?" "बँडचं सोड, पहिला वन्स मोअर ज्यानं दिला त्याला तलावात बुडवा!"

"आधी त्या मास्तरला बुडवा!" दाक्षी सगळ्यांच्या वर ओरडली. रागानं तिचे कान लाल झाले होते. पहिला वन्स मोअर कुणाचा, हे माहीत होतं फक्त तिच्या दोन मैत्रिणींना.

"मास्तर को क्या बोल्ती गे?" मधल्या सुटीत शमीम म्हणाली. "चिल्लाई तू!"

"मी थट्टा केली होती! त्याला कळायला नको?"

"मग विचार की त्यालाच!" मायाक्का म्हणाली. अशी लागली पैज.

शाळा सुटल्यावर तिघी बँडच्या दुकानात गेल्या. दारात लाल कोट वाळत होते. आत कल्लप्पा मास्तर क्लॅरिनेट पुसत बसला होता, मागच्या खोलीत बाकीची मंडळी तालमीला जमली होती. दाक्षीनं दोन पावलं पुढे टाकली, छाती भरून घेतली.

"काय हो कल्लप्पा मास्तर..."

मास्तर ताडकन उठला. "थांब! पुन्यांदा बोल!"

"काय हो... कल्लप्पा मास्तर?"

"ह्योच! ह्योच आवाज! आरं बिरप्पा, ढोल ठिव खाली, भाईर ये! हीच ती पोरगी!" मास्तरच्या डोळ्यांत पाणी आलं. "बावीस वर्सं वाजवतुया, ताई. लोक काय म्हनत्यात? 'आवरा', न्हायतर 'जेवाण मागल्या दारी घ्या'. परत वाजवा म्हनून एकानं म्हनलं न्हाय. ह्या दिवाळीला बँड मोडायचा, पितळ मोडीत घालायचं, आसं ठरलं हुतं की आमचं! आन तू वरडलीस!"

"अहो, पण मी ती..."

पुढचं बिरप्पाच्या ढोलानं खाल्लं. कारण मास्तरनं हुकूम सोडला होता, "कोट घाला रं! ताईला वाजतगाजत घरला पोचवायचं!"

पाच मिनिटांत वरात रस्त्यावर! पुढे दप्तर कवटाळलेली दाक्षी, मागे अकरा लाल कोट, आणि तीच चाल. नवरदेव पुन्हा एकदा घोड्यावरून उतरायला लागला!

"थांबा!" दाक्षी किंचाळली. आता वरातीत कुणी 'थांबा' म्हटलं, की बँडवाले जागेवर उभे राहून दुप्पट जोरात वाजवतात, लोकांना नाचता यावं म्हणून. ते उभे राहिले. दुप्पट जोरात वाजवायला लागले. तेही कुठं, तर शनिवारच्या त्याच टवाळ पोरांच्या कट्ट्यापुढे!

"काय मास्तर, कुणाचं लगीन?"

"लगीन न्हाय रं! ह्या ताईनं पयला वन्स मोअर दिला!"

पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले. "आयला, ही व्हय? हिनं आमची गिटार बुडवली!" आणि तीही मागे लागली, तावातावानं. घर येईस्तोवर वरातीत दीडशे माणसं होती आणि त्यातली निम्मी दाक्षीला शिव्या घालत होती. तिला रागानं रडू यायला लागलं. मास्तरचा राग, पोरांचा राग, मागे फिदीफिदी हसणाऱ्या दोन मैत्रिणींचा तर लईच राग!

शेजारच्या गोजाबाई ओट्यावरनंच ओरडल्या, "गौरम्मा, दाक्षीचं ठरलं व्हय गं? आमाला सांगितलं न्हाईस!"

अप्पा दारात आले. मास्तरनं हात जोडले. "मालक, लेक आसावी तर आशी! शनवारी पटांगणात हिनं आमाला नऊ येळा वाजवायला लावलं!"

"शनिवारी?" अप्पांचा आवाज चढला. "शनिवारी ही भूमितीला गेली होती! दाक्षे! ती तू ओरडलीस? आवाज ओळखीचा वाटलाच होता मला! अगं, तुझ्यापायी त्या गिटारवाल्यानं नुसती वायर जोडली, असं बोट मारलं, ट्यँव केलं, आणि पेटी बंद! सगळा कार्यक्रम..."

अप्पा थांबले. बँड थांबला. ढोलावरचा बिरप्पाचा हातसुद्धा वरच्या वर राहिला.

अव्वा, म्हणजे दाक्षीची आई, शेंगा पाखडायचं सूप घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"तुम्ही शनिवारी दुधनीला गेला होता की," ती म्हणाली. "तुरीच्या सौद्याला."

"हां, दुधनीलाच. तिथं लोक बोलत होते."

"दुधनीचे लोक बोट कसं मारलं तेबी करून दाखवत होते?" अव्वानं सूप धाडकन खाली ठेवलं. "लेक भूमितीला! नवरा तुरीला! आणि मी इथं दिवसभर शेंगा फोडत बसले! गौरम्मा, तू येतीस का, म्हणून एकानं विचारलं? मला बघायची नव्हती ती लाल गिटार?"

मास्तरला त्यातलं काही कळलं नाही. त्यानं घसा खाकरून गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "येत्या आयतवारी! त्याच पटांगणात! तीन तास निस्ता आपला बँड! ताई पयल्या रांगेत बसंल, आन ती म्हनंल तवर आमी वाजवू!"

गर्दीतून एक लांब कण्हणं ऐकू आलं.

"विचार की आता!" मायाक्कानं मागून कोपर मारलं. "वह्या, दाक्षे, वह्या!"

दाक्षी वळली. प्रश्न अगदी जिभेच्या टोकावर होता. समोर अख्खी गल्ली, ऐकायला टपलेली. विचारला असता तर रविवारचा कार्यक्रम तिथंच मोडला असता आणि गावानं तिला खांद्यावर घेतलं असतं. मास्तर तिच्याकडे बघत होता, आताही कुणी 'परत वाजवा' म्हणेल अशा आशेनं. त्याच्या कोटाला एक नवंकोरं बटण होतं. बाकीची सगळी काळवंडलेली, ते एकच चमचमत होतं. शनिवारनंतर शिवलेलं असणार.

"काय हो कल्लप्पा मास्तर," दाक्षी म्हणाली, "चहा घेणार का?"

"हार गई गे तू!" शमीम टाळ्या पिटत नाचली. "लिख अब भूगोल!"

अकरा माणसांना चहा झाला. अव्वानं प्रत्येक कप असा आदळला की बिरप्पाला वाटलं, झांजा वाजतायत. वरात गेली, गल्ली पांगली, दार लागलं. आत अप्पा रागानं अव्वाकडे बघेनात, अव्वा रागानं दोघांकडे बघेना.

"आता बोला की, वक्ते!" अप्पा शेवटी गुरगुरले.

दाक्षी भिंतीवरच्या ढालीखाली जाऊन उभी राहिली. हात मागे बांधले. पण आवाज मात्र साधा निघाला, मीठ मागावं इतका साधा.

"अप्पा, अव्वा, मी ठरवलंय. रविवारी मी मास्तरांच्या कार्यक्रमाला जाणार. भूमितीला नाही, कार्यक्रमाला. तुम्ही दोघंही येणार, अव्वा मधल्या खुर्चीत. आणि चाल सुरू व्हायच्या आधी अव्वानं ह्याच शेंगांचा एक थोरला लाडू माझ्या तोंडात कोंबायचा. तीन तास! संपेपर्यंत मी तो गिळणार नाही!"