आवाज बंद ठेवणारे नाना

आमच्या पिंप्राळ्यातले नाना टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघतात. पडद्याखालून सरकणारी पट्टी ते स्वतःच मोठ्यानं वाचतात, तेही बसस्टँडवरच्या सुरात. सगळी नोकरी धुळ्याच्या स्टँडवर गाड्यांची घोषणा करण्यात गेली. लग्न केलं नाही. "जो ओरडस, त्याची गाडी लेट शे," हे त्यांचं पत्रकारितेवरचं एकमेव मत.

सीमेवर तणाव वाढला त्या दिवसांत नानांच्या ओट्यावर गर्दी व्हायची. पडद्यावर सायरन, पेटलेले नकाशे, हातवारे करणारे निवेदक आणि नाना संथपणे सांगत, "कृपया लक्ष द्या. शत्रूचं बंदर आपल्या ताब्यात आल्याचं वृत्त आहे. खात्री झालेली नाही." सकाळी ते बंदर शत्रूकडेच असायचं. "हाई बठ्ठं खोटं शे, सगळंच खोटं. आम्ही न आलेली गाडी कधी आली म्हणून सांगितली नाही," नाना अभिमानानं म्हणायचे.

एका दुपारी ओट्यावर मी एकटाच होतो. समोरच्या अक्का आल्या. त्यांचा मुलगा सुनील फौजेत, सीमेवर. फोन लागत नव्हता. भीतीपोटी घरचा टीव्ही त्यांनी बंदच ठेवला होता आणि पट्टी वाचायला अक्षरओळख नव्हती.

"नाना, काय सांगस टीव्ही?"

पट्टीवर सुनीलच्याच भागाचं नाव होतं. जोरदार गोळीबार सुरू. नाना उठून पडदा झाकत समोर उभे राहिले आणि त्याच संथ सुरात म्हणाले, "तठे बठ्ठं शांत शे, अक्का. वादळानं टॉवर पडले, म्हणून फोन लागत नाही."

अक्कांनी पदरानं तोंड पुसलं. सुनीलला वांग्याचं भरीत किती आवडतं, ते सांगत बसल्या. नाना हलले नाहीत.

त्या गेल्यावर नानांनी टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते अक्कांच्या अंगणात खुर्ची टाकून बसले. कुणी विचारलं तर म्हणत, "इथं सावली बरी."

उन्हं कलताना फोन वाजला. सुनील सुखरूप होता. "मला कुठली काळजी? नानांनी सांगितलं होतं ना," अक्का त्याला हसत म्हणाल्या.

नाना उठून फाटकाबाहेर आले. मी सोबत होतो.  ओट्यापाशी आल्यावर म्हणाले, "भाऊ, इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा कुणाच्या फोनची वाट पाहिली."