राखीव क्रमांक एक

पैज लागली तेव्हा भाऊसो चौगुले तालमीच्या कट्ट्यावर बसून नुकतंच एक युद्ध जिंकून मोकळे झाले होते. कपातला चहा संपायच्या आत. टीव्हीवरच्या बातम्या बघून बघून त्यांना आता नकाशासुद्धा लागत नसे. बशीत बिस्किटं मांडून रणगाडे कुठनं घुसवायचे ते दाखवायचे, आणि मग रणगाडे खाऊन टाकायचे.

"माझ्या हातात दोनच दिवस द्या," भाऊसो म्हणाले, "सगळ्यांस्नी सरळ करतो."

"दोन दिवस ऱ्हाऊ दे," गुंडू म्हणाला. गुंडूच्या तीन म्हशी. तो गल्लीला दूध घालायचा, आणि उरलेल्या वेळात काड्या. "रविवारी आपल्या चौकात सरकारी कवायत हाय. हल्ला झाला तर काय करायचं, त्याची. जोतीराम हवालदार नावं घ्यायलाय. तिथं एक दिवस हुकमाबिगार न हलता काढून दाखव."

"एक दिवस? आठवडा काढतो!"

"आणि हललास तर?"

"तुझी काळी म्हैस चौकात धुतो. समद्यांम्होरं! शिंगं रंगवून गल्लीतनं फिरवून आणतो. आणि न्हाय हललो तर म्हैनाभर माझी बुलेट तू पुसायचीस."

टाळी पडली. कट्ट्यावरचे सातही जण साक्षीदार झाले. त्यांना तसंही दुसरं काम नव्हतं.

घरी आल्यावर सोनूबाईंनी सांगितलं, "अहो, हातकणंगल्याचा फोन आलता. रविवारी चारला पावणं येत्यात, अक्षताला बघायला. लई दिवसांनी मनासारखं स्थळ आलंय. त्या दिवशी काय बी सोंगं नकोत."

"कवायत अकराला हाय. बाराला मी घरात," भाऊसो म्हणाले.

रविवारी ते कडक इस्त्रीची सफारी, बूट आणि काळा गॉगल घालून हजर झाले. दुसऱ्या मजल्यावरनं दोरीनं उतरताना आपण कसे दिसू, हे त्यांनी आदल्या रात्री आरशासमोर ठरवून ठेवलं होतं. जोतीराम हवालदार पलटणीत वीस वर्षं काढून आलेला माणूस. त्यानं यादी वाचायला घेतली. दोरीवाले झाले, स्ट्रेचरवाले झाले, पाण्याच्या बादल्यावाले झाले. खोटे जखमीसुद्धा संपले. मग सगळ्यात शेवटी आवाज आला, "भाऊसो चौगुले. राखीव क्रमांक एक."

"राखीव म्हंजे?"

"म्हंजे ह्यातलं कोण कमी पडलं तर तू."

"एकूण राखीव किती हाईत?"

"तू एकटाच."

"मग क्रमांक कशाला?"

"शिस्त हाय!"

हवालदारानं चौकाच्या कोपऱ्यावर, विजेच्या खांबाला टेकून एक प्लास्टिकची खुर्ची मांडली. भाऊसोंच्या डोक्यावर नारिंगी हेल्मेट ठेवलं, गळ्यात शिट्टी अडकवली. "मी येऊन हुकूम देईस्तोवर हितनं उठायचं न्हाय. राखीव माणूस जागेवर सापडला पायजे."

गुंडू लांब उभा राहून मिशीत हसत होता. "भाऊसोचं गुडघं लई दुखत्यात, पण सांगायला लाजतोय. बसायचं काम बघा," असं हवालदाराच्या कानात कालच कोण बोललं होतं, ते वेगळं सांगायला नको.

सायरन वाजला. पळापळ झाली, धूर निघाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊसोंना यातलं काहीच दिसलं नाही, कारण समोर पाण्याचा टँकर लावला होता. जखमी म्हणून तालमीतला सगळ्यात वजनदार गडी निवडला होता. त्याला ॲम्ब्युलन्समधनं दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी सहज म्हणून ब्लडप्रेशर बघितलं, तर ते खरोखरच वर चढलेलं. खोट्या जखमीला खरा पलंग मिळाला आणि हवालदार त्याच्या उशाशी अडकला.

बाकीच्यांनी मिसळ हाणली आणि सगळे घरी जाऊन झोपले. चौकात उरली ती खुर्ची, आणि खुर्चीत भाऊसो.

एक वाजता गुंडू आला. "ऊठ की मर्दा. कोण बघतंय?"

"तू बघतोयस की!"

दोन वाजता सोनूबाई आल्या. त्यांनी तिथनंच हवालदाराला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "भाऊजी, ह्यांना उठा म्हणून सांगा की!"

"फोनवरनं न्हाय सांगता येत, वैनी," आतनं आवाज आला. "फोनवरचा हुकूम शत्रूचा बी असू शकतोय."

"ऐकलंस का गुंडू? शिस्त!" भाऊसो म्हणाले खरे, पण त्यांचा आवाज बारीक झाला होता.

तीनपर्यंत गल्लीला त्यांची सवय झाली. "भाऊसो, बसलायसाच तर पिशवी बघा," म्हणून कुणी भाजी ठेवून गेलं. कुणी सिलिंडरवाल्यासाठी रिकामी टाकी ठेवली. गुंडूनं काळी म्हैस आणून शेजारच्या खांबाला बांधली. "जरा वळख करून घे," म्हणाला.

पावणेचारला सोनूबाई परत आल्या. आता त्या रडायच्या बेतात होत्या. "पावणं शहरात शिरलं बी. अहो, एका म्हशीपायी पोरीचं लगीन मोडायलायसा!"

भाऊसोंनी डोक्यावरचं हेल्मेट उगीचच सरळ केलं. उठावं तर जन्मभर कट्ट्यावर तोंड उघडायची सोय नाही. न उठावं तर पोरीचं काय? पाय उठायला बघत होते आणि खाली बसलेला भाग हलत नव्हता.

तेवढ्यात पांढरी गाडी नेमकी खुर्चीपुढंच थांबली. काच खाली झाली. आत पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ.

"ओ मामा, भाऊसो चौगुल्यांचं घर कुठं आलं? आणि हितं गाडी लावली तर चालंल का? तुम्ही लक्ष ठेवतासा न्हवं?"

भाऊसोंनी मान खाली घातली. "मीच चौगुले."

गृहस्थांनी हेल्मेट बघितलं, शिट्टी बघितली, टाकी बघितली आणि शेवटी म्हैस बघितली. सोनूबाईंनी पदर तोंडाला लावला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. भाऊसोंनी सगळं खरं सांगून टाकलं.

गृहस्थ गाडीतनं उतरले. "मी हंबीरराव. चोवीस वर्षं फौजेत काढल्यात," ते म्हणाले. "हुकमाबिगार न हलणारा माणूस आज पयल्यांदा शहरात बघितला. तुम्ही उठू नका. आम्ही हितंच बसतो."

मग काय! अर्ध्या गल्लीच्या खुर्च्या बाहेर आल्या. अक्षता पोह्यांच्या बशा घेऊन चौकात आली. हंबीररावांचा मुलगा पृथ्वीराज आणि ती बोलायला म्हणून टँकरच्या पलीकडं गेली. खिडक्याखिडक्यांतनं सगळी पेठ बघत होती. दहा मिनिटांनी दोघं परत आली.

"पप्पा," अक्षता म्हणाली, "मला पसंत आहे."

"मला पण," पृथ्वीराज म्हणाला.

"मग आमचं बी ठरलं!" हंबीररावांनी मांडीवर थाप मारली.

"व्याही!" भाऊसो ओरडले आणि दोन्ही हात पसरून हंबीररावांच्या गळ्यात पडले.

सगळ्यांचे डोळे रिकाम्या खुर्चीकडं गेले. गुंडूनं पुढं होऊन भाऊसोंच्या गळ्यातली शिट्टी उचलली आणि जोरात फुंकली.

त्याच वेळी कोपऱ्यावर रिक्षा थांबली. आतनं जोतीराम हवालदार उतरला. "भाऊसो, शाब्बास! आता ऊठ, सुट्—" एवढं म्हणून त्यानं खुर्ची बघितली आणि खिशातली यादी काढून भाऊसोंच्या नावापुढं लाल फुली मारली.

पुढच्या रविवारी सकाळी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. सफारीची विजार गुडघ्यापर्यंत दुमडून भाऊसो काळी म्हैस घासत होते. एक शिंग लाल झालं होतं, दुसरं व्हायचं होतं. गुंडू बादली भरून देत होता आणि "कानामागं ऱ्हायलं" म्हणून दाखवत होता. सोनूबाई पेढे वाटत होत्या, पहिला जोतीराम हवालदाराच्या हातावर पडला होता. हंबीरराव मुद्दाम हातकणंगल्याहून आले होते आणि त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत पाय पसरून बसले होते.

"पर काय म्हणा व्याही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "एवढ्याशा आनंदानं हललासा! आम्ही असतो तर दुसऱ्या दिवसापात्तूर बसलो असतो."

गुंडूनं बादली खाली ठेवली. हात लुंगीला पुसले.

"पावणं," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "लावतासा का पैज?"

"लावली!"

भाऊसोंनी म्हशीवरनं मान वर केली. या खेपेला त्यांनी कुणालाच सल्ला दिला नाही.

"हवालदार," ते म्हणाले, "लिवा. राखीव क्रमांक दोन."