खानदानी चाल

एका जंगलात कुत्रं पाळायची टूम निघाली, बाळांनो. हत्तींकडे आलं, सांबरांकडे आलं. मग शेजारच्या गुहेतल्या अस्वलीणबाईंना झोप कशी लागावी? मी साळिंदर. माझं बीळ त्यांच्या गुहेला लागूनच, म्हणून कानावर पडतं. मुद्दाम कोण ऐकतंय!

तर बाई तरसशेठकडे गेल्या. हा पिल्लं विकायचा. बोलायचा कमी, हसायचा जास्त.

"खानदानी हवं हं," बाई म्हणाल्या.

"वहिनी, सात पिढ्या परक्यात सोयरीक नाही. मुली दिल्या चुलत घरात, केल्या चुलत घरातून."

बाई विरघळल्याच. भाचीचं जमलेलं लग्न गोत्र एक निघालं म्हणून याच बाईंनी मोडलं होतं. पण ते माणसांचं झालं. म्हणजे अस्वलांचं. हे पडलं कुत्र्याचं.

पिल्लू घरी आलं. नाव ठेवलं सरदार. चालताना त्याचा मागचा भाग असा डुलायचा, जणू पालखीच निघाली! बाई सगळ्यांना बोलावून दाखवायच्या. "बघा, याला म्हणतात खानदानी चाल!" हरणं माना डोलवायची. मीही डोलवली. मध चाटायला दिला होता, नाही कशी म्हणणार?

एके दिवशी सरदार बसला तो उठेचना. नुसता कुंई कुंई करायला लागला. शेवटी मीच म्हटलं, "अहो, वैद्यांना दाखवा की!"

करकोचावैद्य आले. चोचीने मागचे पाय चाचपले.

"खुब्याची वाटी उथळ आहे. सांधा नीट बसतच नाही, म्हणून डुलतो."

"पडला असेल हो कुठेतरी," बाई म्हणाल्या.

"पडलेला नाही. बापाकडून आलंय. बापाला आज्याकडून. खानदानी आहे."

महिनाभर मिरवलेला शब्द आता बाईंच्या घशाखाली उतरेना. तडक तरसशेठकडे गेल्या.

"फसवलंत आम्हाला!"

"मी खानदानीच म्हणालो होतो, वहिनी. आणा परत, बदलून देतो. याचा सख्खा भाऊ आहे माझ्याकडे."

"आणि सरदारचं काय कराल?"

तरसशेठ खूप वेळ हसला. मग म्हणाला, "वहिनी, मी तरस आहे."

बाई घरी आल्या. जड मनाने सरदारला परत न्यायला वाकल्या. तेवढ्यात कोपऱ्यातून सासूबाई बोलल्या, "निघालीच आहेस तर ह्यालाही ने."

"कोणाला?"

"माझ्या लेकाला. तोही डुलतच चालतो. त्याचा बापही डुलायचा. तुम्ही स्थळ बघायला आलात तेव्हा तुझी आई काय म्हणाली होती? जावयाची चाल कशी भारदस्त!"

अस्वलराव उठून आत गेले. डुलत डुलत.

बाई बघत राहिल्या आणि फिसकन हसल्या. सरदार घरीच राहिला. आता रोज संध्याकाळी बाई दोघांच्या खुब्यांना एकाच वाटीतलं तेल चोळतात. आधी सरदारच्या.

आणि तो सख्खा भाऊ? त्याला सांबरीण घेऊन गेली, घरी एक कुत्रं असताना. म्हणाली, "बाईंच्या सरदारसारखीच चाल हवी. सरळ चालणारी काय, कुठेही मिळतात!"

तात्पर्य: एकट्याला असलं तर व्यंग, सात पिढ्यांना असलं तर घराणं. तेव्हा बाळांनो, लंगडायचंच असेल तर चांगल्या घरात लंगडा.