आठव्या नंबरचं कॉलेज

या, थोडं पुढं सरका. मागं टेकून बसलं की गोष्टीतला निम्मा गोडवा पुढचेच खाऊन टाकतात. टाळ ठेवा बाजूला, कीर्तनाला अजून अवकाश आहे. तेवढ्यात ताडकळसच्या व्यंकटरावांनी लेकीचा फॉर्म कसा भरला ते ऐकून घ्या. माणूस देवभोळा, मनानं लोण्यासारखा; पण त्या आठ दिवसांत त्या लोण्याचं पार तूप झालं.

व्यंकटरावांची भक्ती बारावी पास झाली आणि तिची सीईटीही चांगली गेली. एका घरात एकाच महिन्यात दोन चांगल्या गोष्टी घडल्या, की गावाला राहवत नाही. ओसरीवर सल्ला देणाऱ्यांची रीघ लागली. शेजारच्या धुरपताबाई म्हणाल्या, नर्सिंगला टाका, दवाखान्यात निदान पंखा तरी असतो. मेहुणा बन्सीधर म्हणाला, "दाजी, फार्मसी करा. दुनिया बुडंल, पण माणूस आजारी पडायचा थांबणार न्हाई." गिरणीवर दळण न्यावं, तर गिरणीवाल्यानं चालत्या पट्ट्याच्या आवाजावर ओरडून डी.एड. सुचवलं. व्यंकटरावांच्या बायकोनं, नर्मदाबाईंनी, महिनाभर चहा उकळला. साखरेचा डबा दोनदा भरला, पण निर्णय काही होईना.

"जेवढी तोंडं तेवढी कॉलेजं," व्यंकटराव कातावून म्हणाले. "ह्यांच्या पोरांनी काय दिवे लावले, ते मी इच्यारलं का कधी?"

"भक्तीला इच्यारा की," नर्मदाबाई म्हणाल्या.

"तिला काय कळायलंय?"

तिला कळत होतं. बाजाराच्या दिवशी दुपार उलटली, की बायका उरलेले टोमॅटो रस्त्याकडेला रिते करून घरी जातात, हे ती लहानपणापासून बघत आली होती. पिकवायचं सगळ्यांना येतं, टिकवायचं कोणालाच येत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून तिला परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्र शिकायचं होतं.

"म्हंजी सैपाकच ना?" व्यंकटरावांनी विचारलं. "तो तुझी माय फुकट शिकवायली. चार वर्षं कशाला पाहिजेत त्याला?"

त्यांच्या मनात बी.एस्सी. कृषी होतं. ते केलं की परीक्षा द्यायची, अधिकारी व्हायचं आणि जीपमधून बांधावर उतरायचं. ती जीप व्यंकटरावांना झोपेतही दिसायची. दार उघडून भक्ती उतरायची आणि गावचे सल्लागार रांगेत उभे राहून नमस्कार घालायचे.

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस आणि गावातल्या हरिनाम सप्ताहाचा पहिला दिवस एकच आला. व्यंकटराव सप्ताह कमिटीचे जुने कार्यकर्ते. बावीस वर्षं सप्ताहाची पत्रिका तेच लिहीत आले होते. कोणत्या दिवशी कोणत्या महाराजांचं कीर्तन, हे ठरवणं म्हणजे तारेवरची कसरत. पहिल्या दिवशी गावातलाच एखादा नवशिका, ज्याचा गळा अजून तापायचा आहे. मग चढत्या क्रमानं ओळखीचे महाराज. आणि आठव्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला सगळ्यांत मोठं नाव, ज्यांची तारीख वर्षभर आधी धरून ठेवावी लागते. मोठं नाव आधी लावलं, तर पुढचे सात दिवस मंडपात सतरंज्याच कीर्तन ऐकतात. हा हिशेब व्यंकटरावांच्या रक्तात भिनला होता.

मंडपाच्या कामातून उसंत काढून ते भक्तीला घेऊन सिद्धोधनच्या ऑनलाइन सेंटरवर गेले. सिद्धोधन गावातला हुशार पोरगा. अर्ध्या तालुक्याचे फॉर्म त्याच्या हातून गेलेले. त्यानं पसंतीक्रमाचं पान उघडलं.

"सांगा काका."

"एक नंबरला अन्नतंत्र, परभणी."

सिद्धोधनचा हात थांबला. भक्तीनं वडिलांकडं पाहिलं. "बाबा, एक नंबरला?"

"तुझा हट्ट हाय ना? मग घालायलोय की नाव. पहिल्याच दिवशी उरकून टाकू."

"पण बाबा, आपल्याला जे पाहिजे ते..."

"मला शिकवायलीस का तू?"

सिद्धोधननं घसा साफ केला. "काका, ती काय म्हणायली ते तरी ऐका. ह्याच्यात पहिलं नाव म्हंजी..."

"बाळा, बावीस वर्षं झाली याद्या करायलोय. नावं कशी लावायची ते मला नको सांगू."

तेवढ्यात व्यंकटरावांचा फोन वाजला. मंडपवाला विचारत होता, कनात कुठल्या बाजूला बांधू. एका कानानं कनात आणि दुसऱ्या कानानं कॉलेजं असं काम सुरू झालं. दोनला मत्स्यशास्त्र पडलं. "मासे आपल्याकडं कुठले, पण असू दे, दुसरा दिवस हाय." तीनला वनशास्त्र, चारला उद्यानविद्या, अशा पायऱ्या चढत चढत व्यंकटराव आठव्या ओळीशी आले. आवाजात आपोआप आदर उतरला. "आणि आठ नंबरला बी.एस्सी. कृषी, परभणी. हे नीट टाक. स्पेलिंग तपास."

भक्तीनं पुन्हा धीर केला. "बाबा, आपलं मोठं कॉलेज सगळ्यात खाली गेलंय."

"खालीच पाहिजे. अध्यक्ष कधी पहिले बोलतेत का?" मग फोनमध्ये, "तुला न्हाई रे, तू बांध कनात."

शेवटी ओटीपी आला तो व्यंकटरावांच्याच मोबाइलवर. भक्तीनं आकडे वाचले आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "बाबा, एकदा हे पाठवलं की बदलता येत न्हाई. बघून घ्या."

"बघितलंय. पाठव."

सिद्धोधननं डोळे मिटले आणि बटण दाबलं.

आता इथं गप्प बसले असते, तर ते व्यंकटराव कसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी कीर्तनकार महाराजांच्या हाती चिठ्ठी दिली. महाराजांनी अभंग संपताच माइकवरून सांगितलं, की ह्या गावची लेक कृषी अधिकारी व्हायला निघाली आहे. भक्तीला पुढं बोलावून नारळ दिला. मृदंगवाल्यानं मागितली नसताना एक थाप दिली. चौथ्या दिवशी बन्सीधरनं फार्मसीचा नाद सोडला आणि बसस्टँडवर भाचीचा फलक लावला, "भावी तालुका कृषी अधिकारी". त्यावर भक्तीचा फोटो लहान आणि मामाचा मोठा.

पाचव्या दिवसापासून लोक सोयाबीनची पानं घेऊन घरी यायला लागले.

"भक्ते, हे पिवळं कामून पडायलंय, सांग बरं."

"काका, मी अजून कॉलेजात बी गेले न्हाई."

"जाशीलच की. तवर सांगून ठिव."

नर्मदाबाईंनी ओसरी झाडता झाडता तीन पाट्या पानं उचलली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, पहिले चहा प्यायला माणसं यायची, आता पाला टाकायला यायलेत. लेकीचं तोंड बघितलंव का कधी? चार दिस झाले, नीट जेवायली न्हाई ती."

"आनंदानं असंल," व्यंकटराव म्हणाले.

आठव्या दिवशी काला झाला. हंडी फुटली, लाह्या-दही वाटायला घेतलं आणि व्यंकटरावांचा मोबाइल वाजला. त्यांनी तो भक्तीच्या हाती दिला आणि सगळ्यांना हातानं गप्प केलं. "वाच. मोठ्यानं वाच."

भक्तीनं वाचलं. "बी.टेक. अन्नतंत्रज्ञान, परभणी. पसंतीक्रम एक. जागा निश्चित."

मंडपातले सगळे द्रोण चाटता चाटता व्यंकटरावांकडं बघू लागले. मग धुरपताबाई हळूच म्हणाल्या, "मी तर पहिल्यापासून नर्सिंग म्हणायले."

कपाळावर बुक्का तसाच ठेवून व्यंकटरावांनी मोटारसायकल काढली, भक्तीला मागं बसवलं आणि थेट परभणी गाठली. प्रवेशाच्या टेबलापाशी राजेश्री मॅडम बसल्या होत्या. त्यांनी कागद पाहिले आणि हसून म्हणाल्या, "अभिनंदन. मुलीला पहिल्याच पसंतीचं मिळालं."

"मॅडम, चूक झाली तुमच्या मशीनची. आमचं आठ नंबरचं होतं."

"आठव्या नंबरपर्यंत जायची वेळच आली नाही."

"म्हंजी शेवटपर्यंत कोणी वाचलंच न्हाई?"

"पहिल्या नावाला जागा मिळाली की यादी तिथंच बंद होते, काका."

"असं कसं?" व्यंकटरावांचा आवाज चढला. "पहिल्याच कीर्तनाला कोणी सप्ताह उठवतंय का? मोठं नाव शेवटी असतंय, हे शेंबड्या पोराला बी कळतंय."

मॅडमनी त्यांच्या कपाळावरच्या बुक्क्याकडं पाहिलं, यादीकडं पाहिलं, मत्स्यशास्त्रापासून बी.एस्सी. कृषीपर्यंत चढत गेलेल्या त्या ओळींवरून बोट फिरवलं. मग त्यांना सगळं उमगलं. "माझं माहेर जिंतूरचं आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सप्ताह मला कळतो. इथं मात्र काला पहिल्या दिवशीच असतो."

"मग आता बदलून द्या."

"बदलत नाही. ही जागा सोडली तर पुढच्या फेरीत बसता येत नाही. घ्यायची का सोडायची, एवढंच सांगा. तुम्ही नाही, मुलीला सांगू द्या."

व्यंकटराव वळले. भक्ती पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवत होती. मार्कशीट, दाखला, जातीचं प्रमाणपत्र, चार फोटो. सगळं टाचून, क्रमानं लावून आणलेलं. आज काल्यातून निघायच्या गडबडीत एवढी तयारी होणं शक्य नव्हतं, एवढं त्यांच्याही ध्यानात आलं.

"तुला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"होतं की. तीनदा सांगितलं तुमाला."

"मग चौथ्यांदा कामून न्हाई सांगितलंस?"

भक्तीनं सहीसाठी पेन उघडलं. "चौथ्यांदा सांगितलं असतं, तर तुमी ऐकलं असतं."

व्यंकटरावांनी खिशातून चष्मा काढला, पालकाच्या सहीची जागा शोधली आणि ती खाली आहे का वर, हे मॅडमना दोनदा विचारून घेतलं.

चला, वीणेकरी आले, आता उभं राहायला हवं. हसलात, बरं वाटलं. फक्त आज नामाच्या गजरात टाळी वाजवताना, तुमच्या घरात कोणी लेकरू दोन-तीनदा काही सांगून गप्प बसलं असेल, तर त्याची तेवढी आठवण काढा.